काळ्या ज्वारीतला पांढरा स्टार्च

'स्टार्च' हा शब्द हल्ली आमच्या ऑफिसात शिवीसारखा वापरतात. कुणी डब्यातून भात काढला की समोरचा नाक मुरडतो, "काय रे, नुसता स्टार्च!" असं म्हणणाऱ्याच्या अंगातला कॉटनचा शर्ट विणताना त्याच्या सुताला स्टार्च चोपडलेला असतो. त्याने सकाळी घेतलेली डोकेदुखीची गोळी पोटात जाऊन फुटावी म्हणून तिच्यातही स्टार्च घातलेला असतो. त्याचा प्रोटीन पावडरचा डबा ज्या खोक्यातून आला, त्या खोक्याचा नागमोडी पुठ्ठा स्टार्चनेच चिकटवलेला. आणि सकाळच्या टूथपेस्टमधलं सॉर्बिटॉल? तेही स्टार्चचंच नातवंड. एवढा स्टार्च अंगाखांद्यावर घेऊन हा माणूस माझ्या आईने पाठवलेल्या भाकरीला नावं ठेवतो!

असो. डाएटवर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यात माझी भर नको. मला आज वेगळंच भांडण काढायचं आहे. मी अकोला जिल्ह्यातला, इंजिनियरिंग अमरावतीत केलं, आणि आता पुण्यात इतर हजारो लोकांसारखा कीबोर्ड बडवतो. माझं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो, मग वाद घालू. वऱ्हाडातला शेतकरी वर्षानुवर्षं स्टार्च विकत आला आणि त्याला भाव मात्र रंगाचा मिळत आला. ज्या गिऱ्हाइकाला फक्त स्टार्च हवा आहे, तोसुद्धा रंग बघून भाव पाडतो. हे गणित चुकीचं आहे, आणि ते चुकीचं आहे हे विकत घेणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे.

ज्यांनी काळी ज्वारी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. (वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, त्यामुळे आमच्याकडे ती 'कायी जवारी'.) कणसात दाणा भरत आला की त्याला कोरडी हवा लागते. नेमका तेव्हाच परतीचा पाऊस आठ दिवस ठाण मांडून बसला, की दाण्यावर बुरशी चढते. कर्व्ह्युलॅरिया, फ्युजेरियम, अल्टरनेरिया... कुठली काळी, कुठली गुलाबी. चार दिवसांपूर्वी मोत्यासारखं दिसणारं कणीस कोळशाच्या भुकटीत लोळवल्यासारखं होतं. ती ज्वारी बाजार समितीत नेली की अडत्या मूठभर दाणे तळहातावर घेतो, एक फुंकर मारतो आणि म्हणतो, "भाऊ, माल काया हाये." विषय संपला. पुढे सौदा होतो तो नावाला.

आता ही ज्वारी पूर्वीपासूनच अशी काळी पडायची का? एवढी नाही. जुनी ज्वारी उंच, माणूस आत शिरला तर दिसू नये एवढी, आणि गरवी. पाऊस पूर्ण गेला, थंडी पडायला लागली, की मग तिचा दाणा पिकायचा. १९६४ साली सीएसएच-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. बुटकं, शंभर-एक दिवसांचं आणि उत्पन्नाला दणदणीत. पण जूनच्या शेवटी पेरून शंभर दिवस मोजा बरं. सप्टेंबर संपताना, ऑक्टोबर लागताना दाणा तयार. म्हणजे ऐन पावसात! आपल्या भाषेत सांगायचं तर परफॉर्मन्स वाढवणारं रिलीज आलं आणि त्याच्यासोबत एक बग थेट प्रॉडक्शनमध्ये गेला. पुढे अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि देशातली इतर संशोधन केंद्रं बुरशीला दाद न देणारी वाणं शोधण्यात वर्षानुवर्षं गुंतली. मी त्यांना नावं ठेवत नाही. संकरित ज्वारीने दुष्काळाच्या दिवसांत लोकांची पोटं भरली आहेत. पण बगचा खर्च कुणी उचलला? ज्याने रिलीज काढलं त्याने नाही, ज्याने ते आपल्या शेतात इन्स्टॉल केलं त्याने.

बरं, काळा पडलेला दाणा चिरून बघितला तर काय दिसतं? वरचं साल काळं, आणि आत बहुतेक वेळा पांढराच भाग. ज्वारीच्या दाण्यात वजनाच्या साधारण ६० ते ७५ टक्के स्टार्च असतो आणि तो आतल्या पिठूळ भागात इवल्या इवल्या कणांत भरून ठेवलेला असतो. बुरशी फार आत गेली तर स्टार्चही खाते, दाणा हलका आणि भुसभुशीत होतो, हे खरं. तिची विषं असतात, तेही खरं. त्यावर पुढे येतो. पण पावसाने नुसता रंग गेला म्हणजे दाण्यातला मालही गेला, असं होत नाही. खाणाऱ्यासाठी गेला. काळी भाकरी कोण खाणार? स्टार्च काढणाऱ्यासाठी मात्र फारसा नाही.

आणि स्टार्च काढणं म्हणजे काही रॉकेट सायन्स नव्हे. तुमच्या-माझ्या आईला ते येतं. उन्हाळ्यात कुरोड्या करतात (पुण्यात आल्यावर त्यांच्या कुरडया होतात), तेव्हा काय करतात आठवा. गहू तीन दिवस पाण्यात भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. घरात तो आंबूस वास सुटतो. तिसऱ्या दिवशी वाटायचे, भरपूर पाण्यात पिळून चोथा बाजूला काढायचा, गाळलेलं दुधट पाणी रात्रभर ठेवायचं. सकाळी वरची निवळी हळूच ओतून दिली की खाली घट्ट पांढरा चीक. तो चीक म्हणजे शुद्ध स्टार्च. मक्याच्या स्टार्चचा कारखाना याहून वेगळं काही करत नाही. तिथे मका पन्नासेक अंश तापमानाच्या पाण्यात दीड-दोन दिवस भिजवतात, पाण्यात थोडा सल्फर डायऑक्साइड सोडतात, आणि लॅक्टिक ॲसिड करणारे तेच जिवाणू, जे आईच्या पातेल्यात आंबूस वास आणतात, ते तिथेही कामाला लागतात. मग दळायचं, कोंब वेगळे, साल वेगळी, प्रथिनं वेगळी, आणि शेवटी स्टार्च. निवळी ओतायच्या जागी सेंट्रिफ्यूज आलं, एवढंच. रात्रभर थांबायला कारखान्याला वेळ नसतो.

या वेगळं करण्यातच सगळा पैसा आहे. शंभर किलो मका आत गेला की पासष्टेक किलो स्टार्च निघतो. कोंबातून तेल. प्रथिनांचा भाग कोंबड्यांना, साल गुरांना. भिजवलेलं पाणीसुद्धा आटवून विकतात. एका पोत्याच्या चार-पाच वस्तू आणि चार-पाच गिऱ्हाइकं. शेतकरी मात्र एकच वस्तू विकतो, पोतं. म्हणून मी 'स्टार्चचा भाव' म्हणतो तेव्हा ते शब्दांचे खेळ नाहीत. ज्याला धान्य फोडता येतं तो पाच वेळा विकतो, ज्याला येत नाही तो एकदाच. (आपण आयटीवाले यावर फार हसू नये. आपणही तासावरच विकले जातो आणि क्लायंट त्याचं प्रॉडक्ट करून दहा वर्षं विकतो. फरक इतकाच की आपल्याला एसी आहे.)

आता येऊ मुख्य प्रकरणाकडे. २००७ साली महाराष्ट्र सरकारने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देणारं धोरण आणलं. लिटरमागे १० रुपये अनुदान. समर्थनासाठी जी कारणं दिली गेली त्यांत काळ्या ज्वारीचं नाव ठळक होतं. पावसाने खराब झालेल्या ज्वारीला गिऱ्हाईक मिळेल, कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात चार पैसे जास्त येतील, वगैरे वगैरे. २००९-१० मध्ये यावर महाराष्ट्रात रान पेटलं. डॉ. अभय बंग यांच्यासारखी माणसं विरोधात उभी राहिली. अन्नापासून दारू करायची का, दारूला सरकारी पैसा द्यायचा का, कारखाने कुणाकुणाचे, हे सगळे प्रश्न विचारले गेले. ते विचारायलाच हवे होते आणि दारूला अनुदान देण्याच्या बाजूने मी आजही बोलणार नाही.

पण त्या गदारोळात एक साधा हिशोब कुणी मागितला नाही. दारूवाल्याला रंगाशी काय देणंघेणं?

धान्याच्या डिस्टिलरीत काय होतं बघा. धान्य दळतात, पाण्यात शिजवतात, एन्झाइम घालून स्टार्चची साखर करतात, यीस्ट सोडतात, साखरेचा अल्कोहोल होतो, तो उकळून वेगळा काढतात. सालीचा रंग खाली उरलेल्या चोथ्यात राहतो. वर येणारा मद्यार्क पाण्यासारखा स्वच्छ. आमचा मामा, ज्याने रसायनशास्त्राचं पुस्तक दहावीनंतर उघडलेलं नाही, तो एका वाक्यात म्हणतो, "काया दिसते म्हून भाव पाडतेत, अन् दारू काय कायी निंगते काय बे?"

मामाच्या वाक्याला मी फक्त आकडे लावतो. उदाहरणापुरते घेतले आहेत, कुठल्या बाजारातले नाहीत. समजा पांढऱ्या ढिगात ६४ टक्के स्टार्च आहे आणि भाव ३,००० रुपये क्विंटल. काळ्या ढिगात थोडा बुरशीने खाल्ला म्हणून ६१ टक्के. स्टार्चच्या हिशोबाने काळ्याचा भाव किती? ६१ भागिले ६४ गुणिले ३,०००, म्हणजे २,८६० च्या आसपास. आता विषाच्या भीतीपोटी आणखी काही कापा, चाळण-निवडणीचे कापा. तरी अडत्याने एका फुंकरीत जो हजार-बाराशेचा खड्डा पाडलेला असतो तो कुठून आला? तो रंगाचा खड्डा आहे. भाकरीच्या बाजारातला दंड डिस्टिलरीच्या बाजारात वसूल केला जातो. सरकारचं अनुदान लिटरला, म्हणजे निघालेल्या मालावर. शेतकऱ्याचा भाव मात्र दिसण्यावर. एकाच धान्याला दोन मोजपट्ट्या, आणि दोन्ही एकाच बाजूच्या फायद्याच्या!

तुम्ही म्हणाल, धान्याचा स्टार्च मोजून भाव देणं हे पुस्तकी आहे, असं कुठे होतं का? होतं की. उसाचंच घ्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला उसाचा भाव क्विंटलला ३५५ रुपये, पण तो १०.२५ टक्के उताऱ्याला. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की ३ रुपये ४६ पैसे जास्त. म्हणजे भाव उसाचा नाही, उसातल्या साखरेचा. दुधाचंही तसंच. डेअरीवर फॅट आणि एसएनएफ लावल्याशिवाय भाव ठरतो का? पश्चिम महाराष्ट्रातला शेतकरी उतारा आणि फॅट हे शब्द घरच्या लेकरांच्या नावासारखे उच्चारतो, कारण त्यावर त्याची पावती ठरते. त्यासाठी त्याने आंदोलनं केली, काटे तपासले, भांडणं केली.

आणि खुद्द स्टार्चचं उदाहरण हवं असेल तर तमिळनाडूतल्या सेलमला जा. आपण एकादशीला जो साबुदाणा भक्तिभावाने खातो तो बहुतांशी तिथला. (कसावा हे मूळ ब्राझीलकडचं कंद. दक्षिण अमेरिकेतलं कंद उपासाला चालतं आणि शिवारातली ज्वारी चालत नाही, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. पण तो वेगळा लेख.) दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारा साबुदाणा बंद झाला आणि १९४३ च्या सुमारास सेलमला हा उद्योग उभा राहिला. तिथे कंदाचा भाव स्टार्चच्या 'पॉइंट'वर ठरतो. पॉइंट कमी दाखवले म्हणून तिथले शेतकरी कारखानदारांशी भांडतात. मला त्यांचा हेवा वाटतो. त्यांच्याकडे भांडायला एक आकडा तरी आहे! थायलंडमध्येही कसावा असाच विकला जातो, २५ टक्के स्टार्च हा पाया धरून. कंद पाण्यात तोलून घनतेवरून स्टार्च काढायचा साधा काटा असतो. ज्वारी-मक्यासाठी तर प्रकाशाच्या परावर्तनावरून ओलावा, प्रथिनं आणि स्टार्च एका मिनिटात सांगणारी यंत्रं आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेतली गोष्ट नाही, धान्याच्या व्यापारात जगभर वापरतात.

आता यावरचे आक्षेप. ते फुसके नाहीत, म्हणून नीट घेतो.

पहिला आक्षेप विषाचा. फ्युमोनिसिनसारखी बुरशीची विषं असलेलं धान्य स्वस्तच असलं पाहिजे. मान्य. अल्कोहोल काढल्यावर मूळ धान्याच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा चोथा उरतो आणि विष त्यात तिप्पट घट्ट होतं. तो चोथा गुरांनी-कोंबड्यांनी खायचा असतो. म्हणजे धोका खरा आहे. पण मग विष मोजा आणि जेवढं निघेल तेवढं कापा. फुंकर मारून विष मोजता येत नाही. उलट दिसायला काळी नसलेली, फिकट गुलाबी झाक असलेली फ्युजेरियमवाली ज्वारी जास्त वाईट असू शकते आणि ती अडत्याच्या तळहातावरून आरामात पास होते. रंगावर भाव लावून आपण सुरक्षितता विकत घेत नाही, नुसती सूट घेतो.

दुसरा आक्षेप माझ्या एका केमिकल इंजिनियर मित्राचा. त्याचं म्हणणं, ज्वारीचा स्टार्च कारखान्याला परवडत नाही, मक्याचाच परवडतो. तोही बरोबर आहे. ज्वारीचं साल ठिसूळ, ते दळताना तुकडे होऊन स्टार्चमध्ये मिसळतं, सालीचा रंग स्टार्चला लागतो, उतारा मक्यापेक्षा कमी पडतो. अमेरिकेत हा प्रयोग झालेला आहे. १९४२ मध्ये जपानने जावा घेतलं आणि तिकडून येणारा कसावाचा स्टार्च बंद झाला, तेव्हा अमेरिकन लोकांनी चिकट जातीच्या ज्वारीपासून त्याला पर्याय काढला. १९४९ मध्ये टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टीला ज्वारीपासून स्टार्च काढायचा मोठा कारखानाच सुरू झाला. १९७० च्या दशकात ते सगळं गुंडाळलं गेलं, मक्यापुढे टिकलं नाही. शिवाय आपल्याकडे २०२५-२६ चा हमीभाव मक्याला २,४०० आणि संकरित ज्वारीला ३,६९९. चांगली ज्वारी स्टार्चच्या कारखान्यात घालणारा वेडाच म्हणायचा. ती भाकरीला जाऊ द्या, वाणीचा हुरडा करून खा, काय वाटेल ते करा. मी बोलतोय ते काळ्या ज्वारीबद्दल, जिला भाकरीचा बाजार बंद आहे. आणि ती जिथे जाते तिथे, डिस्टिलरीत, स्टार्च पांढराशुभ्र असायची अटच नाही.

तिसरा आक्षेप आपल्या लोकांचा आवडता, "मार्केट ठरवेल." कुठलं मार्केट? एका बाजूला प्रयोगशाळेचा रिपोर्ट आणि दुसऱ्या बाजूला फुंकर, याला मार्केट म्हणत नाहीत. एकाला सोर्स कोड दिसतो आणि दुसऱ्याला नुसती स्क्रीन, अशा सौद्यात कोण जिंकणार हे सांगायला इकॉनॉमिस्ट लागत नाही.

आता कुणी म्हणेल, वऱ्हाडात ज्वारी राहिलीच किती, उगाच मेलेल्या म्हशीचं दूध काय मोजतोस? खरंय. रानडुकरं, रोही, पाखरं, कापणीची मजुरी, आणि ही काळी पडायची धास्ती. लोकांनी ज्वारी सोडली आणि सोयाबीन धरलं. गोठ्यातला कडबा गेला, गोठाच गेला. २०२३ ला जगाने भरडधान्य वर्ष साजरं केलं, मॉलमध्ये ज्वारीच्या कुकीज आल्या (पाकीट उलटं करून वाचा, पहिला घटक मैदा निघतो की नाही ते बघा), तोवर अकोल्या-अमरावतीच्या शिवारात ज्वारी शोधावी लागत होती.

पण गंमत अशी की सोयाबीन धरूनही स्टार्चने पाठ सोडली नाही. पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल आपण २०२५ मध्ये गाठलं. त्यासाठी उसाबरोबर धान्य लागलं. २०२३-२४ च्या इथेनॉल वर्षात तर मका हा सगळ्यात मोठा कच्चा माल झाला, इतका की पूर्वी मका निर्यात करणाऱ्या देशाने २०२४ मध्ये तो आयात केला. एक क्विंटल मक्यातून साधारण ३८ लिटर इथेनॉल निघतं. २०२४-२५ मध्ये तेल कंपन्यांनी मक्याच्या इथेनॉलला द्यायचा भाव लिटरला ७१ रुपये ८६ पैसे होता. म्हणजे क्विंटलमागे २,७३० रुपये फक्त स्टार्चचे. आणि मागे उरला तो चोथा, तीसेक किलो. त्याला वाळवलं की त्याचं नाव डीडीजीएस. मक्याच्या डीडीजीएसमध्ये तीसेक टक्के प्रथिनं, तांदळाच्यात पंचेचाळीसच्या आसपास. म्हणजे जवळजवळ सोयाबीनच्या पेंडीइतकी, आणि किंमत पेंडीपेक्षा कमी. कोंबड्यांच्या खाद्यात पेंडीच्या जागी हे शिरलं.

सोयाबीनच्या दाण्यात तेल अठरा-वीस टक्के, बाकी सगळी पेंड. पेंडीला उठाव नाही तर दाण्याला भाव कुठून येणार? सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची संघटना 'सोपा' हे जाहीरपणे सांगत आली आहे. जगातही सोयाबीन स्वस्त होतं, सगळं खापर डीडीजीएसवर फोडू नये. तरीपण २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२, २०२५-२६ चा ५,३२८, आणि दोन्ही हंगामांत आमच्याकडचे लोक त्याच्या खाली माल घालून आले, हे वास्तव आहे. म्हणजे बघा हं, ज्वारी होती तेव्हा आमचा स्टार्च रंग बघून स्वस्तात गेला. ज्वारी सोडली तर दुसऱ्याच्या स्टार्चच्या चोथ्याने आमच्या सोयाबीनचा भाव पाडला. तुमच्या बाइकमध्ये जळणाऱ्या प्रत्येक लिटरमागे इतका चोथा तयार होतो आणि तो कुठेतरी उतरतोच. इथेनॉल बंद करा असं मी म्हणत नाही. पण इथेनॉलची फाइल हलवताना पेंडीचा हिशोब त्याच टेबलावर असायला नको?

कापसाच्या बाबतीत तर हे दीडशे वर्षांपूर्वीही झालेलं आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं, १८६७ पर्यंत रेल्वे थेट नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावला फाटा गेला. सगळं कापसासाठी. अमेरिकन यादवीत (१८६१ ते १८६५) कापूस महाग झाल्यावर लँकेशायरच्या गिरण्यांनी सुताला कणकेची खळ आणि कॉर्नवॉलची चिनी माती जास्तच चोपडायला सुरुवात केली. कापड जड भरायचं. काही कापडांत कापसाच्या निम्म्या वजनाइतका हा लेप असायचा. बोटीच्या दमट तळघरात त्या खळीला बुरशी लागून कापड इथे पोचेपर्यंत डागाळायचं, म्हणून व्यापारी बोंबा मारायचे. आमचा कापूस वजनावर घेतला आणि आम्हालाच स्टार्च कापसाच्या भावाने विकला!

आज अमरावतीला नांदगाव पेठेत पीएम मित्र टेक्स्टाइल पार्क होतोय, २० सप्टेंबर २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. माग चालायचे तर ताण्याच्या सुताला खळ लागणार. सुती ताण्याला वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास लागते, आणि तिचा मोठा भाग अजूनही स्टार्चच असतो. तो कुठून येणार? मक्याच्या स्टार्चचा एक कारखाना धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला आहे, बरेच गुजरातेत. शेजारच्या बुलडाण्यात मका भरपूर पिकतो. या पार्कबद्दलच्या बातम्यांत मी रोजगार वाचला, गुंतवणूक वाचली, 'फार्म टू फॅशन' वाचलं. खळीबद्दल एक ओळ वाचली नाही. ब्लॉग वाचणाऱ्यांपैकी कुणी तिथे काम करत असेल तर जरूर विचारा.

आणि काळ्या ज्वारीसाठी माझी मागणी फार छोटी आहे. नवीन कायदा नको, अनुदान तर मुळीच नको. धान्य घेणारे कारखाने गेटवर ओलावा आणि स्टार्च तपासतातच. स्टार्च कमी भरला तर पुरवठादाराचे पैसे कापतात, तसं टेंडरमध्येच लिहिलेलं असतं. म्हणजे आकडा आहे, तो कारखाना आणि व्यापारी यांच्यामध्ये फिरतो आहे. तोच आकडा बाजार समितीत काढायचा, लिलावाच्या आधी ढिगावर खडूने लिहायचा आणि शेतकऱ्याच्या काटापट्टीवर वजनाच्या खालच्या ओळीत छापायचा. ओलाव्याच्या यंत्रासाठी जागा केलीच आहे ना, त्याच टेबलावर हेही बसेल. अकोल्याला विद्यापीठ आहे, प्रयोगशाळा आहे, पहिल्या हंगामात यंत्रं तपासून द्यायला त्यांच्याइतकं योग्य कुणी नाही. त्यानंतर अडत्याला खुशाल फुंकर मारू द्या.